बत्तीस घटी

सोलापूर, शुक्रवार पेठ
ता. ९ सप्टेंबर १९३४

तीर्थस्वरूप सौ. यशोदावहिनीस,

साष्टांग नमस्कारापासून विनंती विशेषपर्यंतचं सगळं तू मनातल्या मनात वाचून घे. मला आज तेवढा धीर नाही.

वहिनी, मला मंगळ नाही!

हो, पुन्हा वाच. मीही चार दिवस स्वतःशी हेच पुन्हा पुन्हा म्हणते आहे. पत्रिकेतला सातवा मंगळ, ज्याच्या पायी बेळगावचं स्थळ परत गेलं, मग तासगावचं गेलं, आणि मग कुणी विचारायचंच बंद झालं, तो मंगळ मुळात तिथे नाहीच.

झालं असं. बुधवारी माझा वर्ग सुटताना एक म्हातारी आपल्या नातीला न्यायला आली. तिचा मुलगा धोंडीराम इथे गिरणीत आहे, म्हणून ती हल्ली पंढरपूर सोडून सोलापुरातच असते. माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "तू जोशीबुवांची दुर्गी न्हवं? आगं, मला वळखलं न्हाय व्हय? बजा सुईण की मी! तुला ह्या हातानं काडली."

चार बायका जमल्या. मी लाजेने लाल. पण बजाबाई थांबते थोडीच! "लई तरास दिलास आईला. दुपारपासनं बसली व्हती मी. अन् तिकडं देवळात धुपारतीचा नगारा वाजाय लागला, हितं तू रडाय लागलीस. बुवा भाईर उबं व्हते. म्हणाले, बजे, येळ ध्यानात ठेव. आता आरतीची येळ काय इसरायची हाय व्हय?"

वहिनी, माझ्या पत्रिकेत जन्म सूर्योदयापासून बावन्न घटींवर लिहिलाय. म्हणजे उत्तररात्री तीनच्या सुमारास. मी तिला विचारलं, "पहाटेच्या आधी नाही का गं?" तर म्हणते, "तवा मी माज्या घरी झोपली व्हती की. तुला न्हाऊ घालून, वाटी भरून गूळ घिऊन गेली व्हती!"

पत्रिका मांडताना नऊ ग्रहांना विचारतात, पण सुईणीला कोण विचारतो?

काल इथल्या एका ज्योतिषांकडे गेले. एका मैत्रिणीची पत्रिका म्हणून माझी जन्मतारीख दिली आणि वेळ सांगितली, संध्याकाळी पावणेसात, म्हणजे बत्तीस घटी. त्यांनी मांडून बघितलं आणि म्हणाले, "मंगळ अकरावा. मुलीला काही दोष नाही. हिच्या आईबापांना सांगा, निर्धास्त राहा म्हणावं." मी घरी येऊन दार लावून हसले, मग रडले, आणि तेवढ्यात भाकरी करपली.

आता कामाचं. वेणीमाधवपंतांबद्दल तुला लिहिलंच होतं, हायस्कुलातले ड्रॉइंगमास्तर. त्यांनी विचारल्याला दोन वर्षं झाली. मी नाही म्हटलं तेव्हा ते म्हणाले होते, "मी मंगळ मानत नाही." मी म्हटलं होतं, "तुम्ही मानत नाही हो, पण मरणार तुम्हीच ना!" त्यांना विजापूरच्या शाळेतून बोलावणं आलंय. दिवाळीनंतर हो की नाही ते कळवायचंय, आणि ते कशासाठी थांबलेत ते मला ठाऊक आहे.

बजाबाई म्हातारी आहे. मला पक्की खात्री हवी. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तोही अशा माणसाच्या. बाबांच्या हातचं माझ्या जन्माचं टिपण देवघरातल्या पेटीत असेल. ते बघून काय लिहिलंय तेवढं कळव. बाबांच्या हातून घाईत चूक झाली असेल तर मी त्यांच्यावर मुळीच रागावणार नाही. गणपती तीन दिवसांवर आलेत, तुला उसंत नसेल, तरी एवढं कर.

गिरिजाला पापा.

तुझी
दुर्गा

*

पंढरपूर
ता. २० सप्टेंबर १९३४

चि. दुर्गावन्संस यशोदाचे अनेक आशीर्वाद.

तुमचे पत्र पावले. उत्तराला उशीर झाला, कारण गौरी-गणपती, आणि त्यात गिरिजाला दोन दिवस ताप होता. आता बरी आहे. आत्याने पाठवलेली रिबीन बांधूनच झोपते.

तुम्ही टिपणाचे लिहिले. ते आता नाही. मामंजींच्या वहीला कसर लागली होती. चांगले होते तेवढे उतरून घेऊन जुनी वही नदीत सोडली, त्याला पुष्कळ वर्षे झाली.

बजाबाईने शंभर बाळंतपणे केली असतील. एकीची वेळ दुसरीला लावत असेल. तिच्या बोलण्यावर एवढा मोठा निर्णय घेऊ नये असे मला वाटते. अकरा वर्षे जे होते ते होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता उकरून तुम्हाला उगाच मनस्ताप होईल. ह्यांना यातले काही विचारू नका, सध्या त्यांच्यामागे यजमानांची फार गर्दी आहे.

तब्येतीस जपा. दिवाळीला लवकर या, चकल्या तुमच्याच हातच्या होतात.

यशोदा

*

सोलापूर
ता. २७ सप्टेंबर १९३४

वहिनी,

वन्सं? तुम्ही?

तू अकरा वर्षांची आमच्या घरात आलीस आणि मी सात वर्षांची. चारचौघांत वन्संबाई आणि माडीवर गेलं की दुर्गे, असा आपला कायदा. तू मला एकांतात वन्सं म्हणतेस ती फक्त काही लपवायचं असलं की. माझी परकराची चिमणी बाहुली चुलीत पडली तेव्हा तू असंच म्हणाली होतीस, "वन्सं, तुमची बाहुली बहुतेक मांजरानं नेली." चोराच्या मनात चांदणं. पण या वेळी चोर तू नाहीस. तू कुणाला पाठीशी घालते आहेस ते मला कळलं.

पत्रिका ट्रंकेतून काढली आणि नीट बघितली. अक्षर दादाचं. तारीख बघितली. बेळगावची मंडळी बघून गेली त्याच महिन्यातली. म्हणजे मुलगी पसंत पडली, आणि लगेच मंगळ सातवा!

आई मी लहान असतानाच गेलेली. तुझं पाठोपाठ दुसरं मूल गेलेलं, आणि तुला पुन्हा दिवस गेलेले. घरात एक काम करणारा हात हवा होता. तो हात बेळगावला जाऊ नये म्हणून ग्रह हलवले. इतकं सोपं!

आणि हा तो दादा, ज्याने मला खांद्यावर बसवून वाळवंटात नेलं. बाबा गेले तेव्हा म्हणाला होता, आता मी आहे. पुढे मला म्हणाला, कुंभविवाह करून टाकू, मग दोष जाईल. मी मडक्याशी लग्न लावून घ्यायला नकार दिला, तर डोळे पुसत उठून गेला. काय नाटक म्हणावं! वहिनी, सोळाव्या वर्षापासून मी कुणा पुरुषाकडे सरळ बघितलेलं नाही. वाटायचं, आपली नजर लागली तरी याचं काही व्हायचं. वेणीमाधवपंतांना गेल्या साली विषमज्वर झाला तेव्हा मी एकवीस दिवस त्यांच्या दारापर्यंतही गेले नाही. माझ्यामुळेच आजारी पडले, असं मनाने घेतलं होतं. कसली एकेक रात्र गेली ते माझं मला माहीत.

पुढच्या गुरुवारी बाबांचा पक्ष आहे. मी येते आहे. बाबांचं पान वाढलं की त्या पानासमोर दादाला विचारणार आहे, ब्राह्मण बसलेले असोत की नसोत. तू मधे पडू नकोस.

दुर्गा

*

पंढरपूर
ता. २९ सप्टेंबर १९३४

दुर्गे,

ह्यांना विचारू नकोस. ह्यांना काही माहीत नाही. मी केले.

आता लिहिते तसे वाच, मधे थांबू नकोस, नाहीतर मला पुढे लिहिता येणार नाही.

मामंजींच्या वहीला कसर लागली ते खरेच होते. तुला आठवत असेल, तू मला माडीवर दुपारी पाटावर धूळ पसरून अक्षरे शिकवलीस. वर्षभरात माझे अक्षर तुझ्याहून बरे झाले, असे तूच म्हणायचीस. ह्यांनी ती वही मला दिली, म्हणाले, उतरून ठेव, तुझे अक्षर सुवाच्य आहे. मला किती अभिमान वाटला होता! त्या आठवड्यातच बेळगावची माणसे येऊन गेली आणि तू त्यांना पसंत पडलीस.

मी तेव्हा वीस वर्षांची. दोन पोटची गेलेली, तिसरे पोटात. रात्री दचकून उठायची तेव्हा तूच उशाशी असायचीस. तू गेलीस तर हेही जाणार, असे माझ्या मनाने धरले. कुणी शिकवले नाही, कुणी सांगितले नाही. तुझ्या जन्माचे टिपण उतरायला घेतले. मामंजींनी स्वच्छ लिहिले होते, घटी बत्तीस. मी बावन्न लिहिले. मग ती जुनी वही मीच नदीत सोडली.

मंगळाचे मला काही कळत नव्हते, गं. गिरिजाची शपथ. मला वाटले, वेळ चुकली की पत्रिका जुळणार नाही, एवढे एक स्थळ टळेल. वर्षभराने तू दुसरीकडे जाशील, तोवर माझे बाळ रांगायला लागेल. ह्यांनी मी उतरलेल्यावरून पत्रिका मांडली आणि बाहेर येऊन ती माझ्यापुढे धरली. म्हणाले, सातवा मंगळ, माझ्या दुर्गेच्या कपाळी हे काय आले! तेव्हाच बोलायला हवे होते. तोंड उघडले होते, दुर्गे. पण सात महिने भरले होते, मी घाबरले. मग गिरिजा झाली. मग रोज उद्या सांगू. एक उद्या गेला की दुसरा जास्त जड होतो.

ह्यांच्या डोळ्यांतले पाणी खरे होते. तेवढे तरी परत घे.

मंगळामुळे तू शिकलीस, मास्तरीण झालीस, असे मी मनाला समजावत आले. त्याने काही शांत वाटत नाही.

यशोदा

*

पंढरपूर
ता. ३ डिसेंबर १९३४

दुर्गे,

तुझे पत्र नाही. ते बरोबरच आहे. मी लिहिते, तू वाचू नकोस वाटले तर.

पक्षाला तू आली नाहीस. दिवाळीला आली नाहीस. भाऊबीजेला ह्यांनी सकाळीच पाट मांडला, भोवती रांगोळी मला काढायला लावली, आणि दोन्ही गाड्यांच्या वेळा होईपर्यंत न जेवता बसून राहिले. संध्याकाळी म्हणाले, "माझे काय चुकले असेल गं?"

तेव्हा मी सगळे सांगितले. त्याच पाटासमोर उभी राहून सांगितले.

ओरडले असते तर बरे झाले असते. उठले, पाट भिंतीला लावला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी पंचांगांचा ढीग काढून तुझी पत्रिका नव्याने मांडायला बसले. तीन दिवस बसले. पत्रिका मांडायला तीन दिवस लागत नाहीत हे मलाही आता कळते. शेवटी एवढेच म्हणाले, "बजाबाई आपल्या घरी येत-जात होती. मी एकदाही तिला विचारले नाही." तेव्हापासून माझ्याशी बोलणे गिरिजाच्या मार्फत चालू आहे. मी समोर वाढत असते आणि म्हणतात, "गिरिजे, आईला सांग, आमटी पुरे." पोरगी बावरली आहे. काल तिने विचारले, "बाबांना तू ऐकू येत नाहीस का?"

नवी पत्रिका सोबत आहे. मंगळ अकरावा.

क्षमा मागत नाही. मागितली की द्यायची का नाही ते तुला ठरवावे लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक काम मला टाकायचे नाही.

यशोदा

*

सोलापूर
ता. १६ डिसेंबर १९३४

वहिनी,

तुझं कबुलीचं पत्र आलं त्या दिवशी मी शाळेत गेले आणि बेरीज चुकली म्हणून एका लहान मुलीला पट्टी मारली. मी कधी मारत नाही. तिच्या आईकडे जाऊन माफी मागून आले. शेजारच्या विणकरांच्या घरातला माग दिवसभर खडखडतो. त्या आठवड्यात तो आवाज मला बरा वाटायचा, कारण त्यात स्वतःचं रडणं ऐकू येत नाही.

तू मला जाऊ दिलं नाहीस, ते मी समजू शकते. दोन बाळं गेलेल्या बाईच्या मनात काय काय येतं ते मी तुझ्या उशाशी बसून पाहिलं आहे. पण त्यानंतर अकरा वर्षं मी तुझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. "वहिनी, मी कुणाचं काय वाईट केलं असेल?" असं विचारायचे. तू माझे डोळे पुसायचीस. उत्तर तुला माहीत होतं आणि तू डोळे पुसायचीस! हे मला गिळता येत नाही. अजूनही गिळता येत नाही.

आणि मंगळामुळे मी शिकले, हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. मी शिकले ती माझ्या मेहनतीने. त्यातला एक दाणाही तुझ्या बावन्न घटींना मिळणार नाही.

हे लिहून झालं. आता दुसरं.

दिवाळीनंतर वेणीमाधवपंत निरोप घ्यायला आले. विजापूरला होकार कळवणार होते. मी त्यांना ओसरीवर बसवून सगळं सांगितलं, तुझ्यासकट. मला वाटलं होतं, बघा मी म्हणत होतो ना, असं काहीतरी शहाणपण ऐकवतील. त्यांनी फक्त विचारलं, "मग आता?" मी म्हटलं, "आता विजापूरला नकार कळवा." त्यांना चहा दिला तर बशीत ओतताना अर्धा धोतरावर सांडला. एवढा मोठा माणूस! मला अकरा वर्षांत इतकं हसू आलं नव्हतं.

दादाने पाठवलेली पत्रिका आली. अजून उघडलेली नाही. वेणीमाधवपंत म्हणाले, "बघायची नाही?" मी म्हटलं, "एक अकरा वर्षं वाचली, तेवढी पुरे." दादाला वेगळं पत्र लिहिलं आहे. तुझ्या पत्रात का होईना, त्याला नाटकी म्हणाले, त्याबद्दल त्याचे पाय धरायचे आहेत. त्याला हेही लिहिलंय की तुझ्याशी सरळ बोल. गिरिजाला टपालवाली करू नकोस.

लग्न माघात, दहा फेब्रुवारीला, इथेच. दादा आणि तू या. दादा लग्न लावून गेला तरी तू पंधरा दिवस राहा, नवं घर लावायचं आहे. पण माझ्या अटी आहेत. पाय धरायचे नाहीत. मी पापी, मी चांडाळीण असलं काही बोलायचं नाही. भरजरी लुगडं आणायचं नाही. मी रागावले तर रागावू द्यायचं आणि तिथंच बसून राहायचं. जमेल तर ये.

दुर्गा

*

पंढरपूर
ता. २२ डिसेंबर १९३४

दुर्गे,

जमेल. येते.

हे काल स्वतः म्हणाले, "आमटी छान झाली आहे." गिरिजाने टाळ्या वाजवल्या.

यशोदा

*

सोलापूर
ता. ३ मार्च १९३५

वहिनी,

तू आठ दिवस राहून निघून गेलीस त्याला आज चौदा दिवस झाले. रोज कागद घेते आणि ठेवते. आज हे बाहेर गेले आहेत, म्हणून लिहून टाकते.

तू अटी पाळल्यास. इतक्या पाळल्यास की मला वेड लागायची पाळी आली. मी म्हणेन ते खरं. भात कच्चा राहिला तरी "छान झालाय." पहाटे उठून माझ्याआधी पाणी भरून ठेवायचीस. मी मुद्दाम डबे उलटसुलट लावले, तरी तू म्हणालीस, असंच बरं. वहिनी, मला माझी भांडणारी यशोदा हवी होती आणि तू घरात एक मोलकरीण आणून उभी केलीस. माझा राग कुठे जाणार? भिंतीशी किती भांडायचं?

म्हणून त्या दिवशी दूध उतू गेलं एवढ्याशा निमित्ताने माझ्या तोंडून ते निघालं. मी काय बोलले ते मला लिहायला लाज वाटते, पण बोलताना वाटली नाही, तेव्हा लिहिताना तरी वाटू दे. मी म्हटलं, "देवाला बरोबर कळत होतं कुणाची मुलं न्यायची ते."

तू दुधाचं पातेलं खाली ठेवलंस. माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "दुर्गे, पुरे. त्यांचं नाव तू घ्यायचं नाहीस." आवाज चढवला नाहीस. बोचकं बांधलंस, ह्यांना म्हणालीस, मला स्टेशनावर सोडा, आणि गेलीस. हे परत आले आणि रात्री आपलं पान आपणच वाढून घेऊन जेवले. बरोबरच होतं त्यांचं.

ती दोघं गेली तेव्हा मी लहान होते, पण दुसऱ्याला मी मांडीवर घेतलं होतं. त्याची बोटं मला अजून आठवतात. आणि त्यालाच मी तुझ्या अंगावर दगडासारखं फेकलं.

वहिनी, अकरा वर्षं मला वाटायचं, माझ्या हातून दुसऱ्याचं वाईट होणार आणि ते ग्रहामुळे होणार. त्या दिवशी खरंच झालं, आणि त्यात ग्रहाचा काही संबंध नव्हता. माझंच तोंड होतं. भीतीने बावन्न लिहिणारी तू, आणि रागाने हे बोलणारी मी. आतापर्यंत मी वर बसून तुझ्याकडे बघत होते. आता तुझ्याशेजारी येऊन बसले आहे, आणि खरं सांगू, इथे मला जास्त मोकळं वाटतं आहे. वर फार एकटं होतं.

मला क्षमा कर. तू माझ्याकडे मागितली नाहीस, पण मी तुझ्याकडे मागते आहे. तुझ्याइतका संयम माझ्यात नाही.

तुझी
दुर्गा

*

पंढरपूर
ता. ९ मार्च १९३५

दुर्गे,

तुझे पत्र दुपारी आले. देवाजवळ ठेवले नाही, चुलीपाशी बसूनच वाचले आणि पिठाच्याच हाताने दुसऱ्यांदा वाचले.

गाडीत मला फार राग आला होता. कुर्डुवाडीला गाडी बदलेपर्यंत मी तुला मनातल्या मनात इतके बोलले, इतके बोलले, की शेजारची बाई विचारू लागली, "कोण वारलं का ओ ताई?" मी म्हटले, नाही हो, नणंदेशी भांडून आले. ती म्हणाली, "मग ठीक हाय की." आणि मला हसू फुटले. तुझ्यावर रागवायचा हक्क मला उरला आहे असे मला वाटतच नव्हते. तो तू परत दिलास. बोलणे वाईट होते, फार वाईट होते, पण त्या दिवसापासून माझी मान वर झाली आहे. घरी आल्यावर ह्यांनाही ऐकवले, की तीन महिने पुरे झाले, जे बोलायचे ते तोंडावर बोला. तेही बोलले. रात्री जेवताना दोघांचेही डोळे सुजलेले, पण बोलणे संपत नव्हते, आणि गिरिजा म्हणते, "आज कुणाचा वाढदिवस आहे का?"

तुझ्या बोलण्याची तुला क्षमा केली. मनापासून केली. त्या दुसऱ्याचे नाव आम्ही ठेवले नव्हते, बारसे व्हायच्या आधीच गेला. पण मी मनात त्याला एका नावाने हाक मारते. कुणाला सांगितलेले नाही. पुढच्या वेळी आलीस की तुला सांगेन.

भात खरेच कच्चा होता. डबेही चुकीचे लावले आहेस. तिखट-मिठाचे डबे कुणी वरच्या फळीवर ठेवते का?

माझ्या बावन्न घटींची क्षमा करायची का, ते तुझे तू ठरव. मला घाई नाही.

यशोदा

*

सोलापूर
ता. २१ मार्च १९३५
(पोस्टकार्ड)

वहिनी,

केली.

ठरवायला बारा दिवस लागले. पण वरवरची नाही, म्हणून कळवते. काल संध्याकाळी केस विंचरताना लक्षात आलं की दिवसभर त्या गोष्टीची आठवणच झाली नव्हती.

चैत्रात ये, गिरिजाला घेऊन ये. पापड लाटायचे आहेत आणि मला एकटीला जमत नाहीत. मिठाचा डबा खालच्या फळीवर आणला आहे.

दुर्गा